पन्नासच्या आत

१

चिठ्ठी सापडली शुक्रवारी सकाळी साडेनऊला, माझ्या धुलाईच्या खोलीत, आणि तीही माझ्याच हातून.

टॉलिव्हर कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे कपडे मी अठरा वर्षं धुते आहे. दर मुलीची एक जाळीची पिशवी, पिशवीवर तिचा नंबर. त्या सकाळी बारा नंबरच्या पिशवीतलं निळं जॅकेट मी बाहेर काढलं, दोनदा दुमडलेल्या बाह्या सरळ केल्या आणि सवयीने झटकलं. खिशातून पेपरमिंटची एक गोळी आणि एक घडीचा कागद खाली पडला. पडला तो नेमका स्टोल्ट्झ साहेबांच्या बुटांवर.

साहेब म्हणजे कॉलेजच्या खेळखात्याचे प्रमुख. शिकागोहून आलेले. उद्या टीव्हीवाले येणार, पांढरे कपडे लखलखले पाहिजेत, हे मला सांगायला आले होते. जसं काही इतर दिवशी मी ते चिखलात बुडवते.

त्यांनी कागद उलगडला. वाचला. पुन्हा वाचला.

"ही पिशवी कोणाची, नोला?"

"बारा नंबर. ब्रिन टेगलरची."

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. छापील वळणाची अक्षरं, शिसपेन्सिलीची: 'वेस्टबोर्न पन्नास गाठणार नाही. टॉलिव्हर जिंकेल. पैज गेली तर अख्खा हिवाळा अंगणातला बर्फ उपसून देणार.' खाली सही नाही.

खेळाडूंनी, कोचनी, संघाशी संबंध असलेल्या कुणीही पैज लावायची नाही, हा नियम शाळकरी पोरांनाही पाठ आहे. डॉलरवर नाही आणि डोनटवरही नाही.

"उद्या बाराच्या आत मला खेळणाऱ्या मुलींची यादी द्यायची आहे," साहेब म्हणाले. त्यांचा चेहराही उतरला होता, ते खोटं कशाला सांगू. "हिने हे लिहिलं असेल तर यादीत बारा नंबर नसेल."

आणि बारा नंबर नसेल तर सामना खेळायचाच कशाला, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

२

वेस्टबोर्नच्या मुलींनी त्या मोसमात एकतीस सामने जिंकले होते आणि एकही गमावला नव्हता. दर सामन्याला सरासरी चौऱ्याऐंशी गुण. त्यांच्या जिमचं छप्पर बर्फाने वाकलं म्हणून तर हा सामना आमच्या गावात, केलर्स ग्रोव्हला आला. नाहीतर असली माणसं इकडे फक्त पेट्रोल भरायला थांबतात. त्यांच्याकडे कोरिन लेटन नावाची मुलगी होती, तिला अडवू शकेल असं कोणी अख्ख्या आयोवात असेल तर ती आमची ब्रिन. चौथं वर्ष, शेवटचा मोसम. उंची सहा फुटाला एक बोट कमी, आणि तोंडात शब्द त्याहून कमी.

ती जिमच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या काढत होती. नव्याने ओवण्यासाठी नव्हे, नुसत्याच.

"साहेबांनी दाखवली चिठ्ठी?"

"दाखवली."

"तू लिहिलीस?"

"नाही."

"मग तुझ्या खिशात आली कशी? पाय फुटले तिला?"

तिने दुसऱ्या बुटाची नाडी ओढायला घेतली.

"ब्रिन, तुला माहीत आहे कोणी लिहिली ते."

तिने नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. "नोलाबाई, तुम्ही माझे मोजे चार वर्षं धुताय. मी कधी काही लपवलंय तुमच्यापासून?"

"एकदा. गुडघा सुजला होता तेव्हा. मोज्यावरच्या मलमाच्या डागावरून कळलं."

ती हसली. "मी नाव सांगितलं तर मी खेळेन. पण त्या माणसाचं जे जाईल ते परत मिळणार नाही. माझा तर फक्त एक सामना जाईल."

"फक्त? अगं, शेवटचा आहे तो."

"म्हणूनच. माझे झाले की सगळे."

ती उठून गेली. मी पायरीवर तशीच बसून राहिले, तिच्या नाड्या हातात घेऊन. राग यायला हवा होता. पण छाती भरून आली होती, आणि ते मला अजिबात सोयीचं नव्हतं.

३

साहेबांकडून मी चिठ्ठीची झेरॉक्स मागून घेतली, दोन्ही बाजूंची. "तुम्हाला कशाला?" ते म्हणाले. मी म्हटलं, अठरा वर्षं डाग कशाचा आहे ते ओळखायचंच काम करते आहे.

मागच्या बाजूला आकृती होती. बास्केटबॉलचं मैदान, मधोमध गिरवून गिरवून जाड केलेली आडवी रेघ. रेघेखालच्या अर्ध्यात तीन फुल्या, प्रत्येक फुलीला चिकटून एक गोल. रेघेवरचा अर्धा भाग कोरा, टोकाला बास्केटचा इवलासा ठिपका. साहेबांचं म्हणणं, हा संघाचा गुप्त डाव, म्हणजे काम आतल्याच माणसाचं. आमच्या कोच रेनी हाक ओरेगॉनच्या, वय तिशीचं. त्यांनी मान हलवली. "हा माझा डाव नाही. पाच जणींचा खेळ, इथे तीनच कशा? आणि मधली रेघ एवढी कोण गिरवतं? तिचा आम्हाला फारसा उपयोगच नसतो."

मी जॅकेटकडे परत आले. ब्रिनच्या बाह्या तिच्या मनगटाला जेमतेम पुरतात. त्या दोनदा दुमडायच्या तर आतलं माणूस बुटकं हवं. म्हणजे ते जॅकेट दुसऱ्याच कुणीतरी घातलं होतं. बुधवारी जिम गरम ठेवणारी भट्टी बंद पडली होती, सराव थंडीतच झाला. ब्रिन पळत होती, तिला जॅकेटची गरज नव्हती. बाकावर बसलेल्या कुणाला तरी होती.

बुधवारी बाकावर कोण होतं? सफाई कामगार वेंडेल यांना विचारलं. ते स्वतः बुटके, म्हणून आधी त्यांनाच.

"तीन जण," ते म्हणाले. "मी, डायनरवाली वोंडा आणि कोल्बबाई. का?"

"वेंडेल, तुम्ही कधी बर्फ उपसण्यावर पैज लावाल?"

ते झाडूवर रेलून माझ्याकडे बघत राहिले. "बाई, पगार घेऊन उपसतो तरी कंबर मोडते. फुकट उपसायला मला काय कुत्रं चावलंय? उलट दुसरंच कोणीतरी माझ्यावर उपकार करतंय. जानेवारीपासून चर्चच्या पायऱ्या मी पोचायच्या आत साफ असतात."

"कोण करतं?"

"बघितलं नाही. बुटांचे ठसे तेवढे दिसतात. पोराएवढे, लहान."

लहान पाय, आखूड हात. आणि आमच्या गावात लहान चणीची, सहज वाकेल पण हार मानणार नाही अशी एक बाई मला चांगलीच माहीत होती. ती माझी मैत्रीण होती, हीच पंचाईत.

४

वोंडाच्या डायनरमध्ये, म्हणजे गावच्या खाणावळीत, गल्ल्यामागे एक दोरी बांधलेली आहे. स्पर्धेच्या दिवसांत तिथे पैजा लागतात. पैसे लावायचे नाहीत, हा जुन्या पाद्र्यांशी झालेला तह. लावायचं ते हातचं. कोणी अर्धं डुक्कर लावतं, कोणी सरपण, तर न्हावी सहा महिन्यांची हजामत. चिठ्ठी लिहून चिमट्याने दोरीला लावायची, आणि समोरच्याने तिच्याखाली आपली लावली की पैज पक्की. त्या दिवशी दोरीवर चाळीसेक चिठ्ठ्या होत्या. सगळ्यांचा वाद एकाच गोष्टीवर, आपण किती गुणांनी हरणार.

दोरीच्या वर वोंडाचा फोटो आहे, शाळेच्या संघातला. डोक्यावर पिसाऱ्यासारखे केस, हात हवेत, एका सामन्यात एकसष्ट गुण. बत्तीस वर्षं झाली, पण ती तो फोटो रोज पुसते.

तिने माझ्यापुढे घेवड्याचा गरम तिखट रस्सा आणि दालचिनी रोल ठेवला. मी झेरॉक्स ठेवली.

"ही तू लिहिलीस का, वोंडा?"

तिने चष्मा नाकावर ओढला, वाचलं आणि तो परत डोक्यावर सारला. "मी? 'पन्नास गाठणार नाही' असं मी म्हणेन? तुझी बुद्धी त्या ड्रायरमध्ये आटली वाटतं. मी लिहिलं असतं, आपण नव्वद मारू. हरलो तरी नव्वद मारून हरू."

"बुधवारी जॅकेट घातलं होतंस ब्रिनचं?"

"माझ्या अंगावर माझा कोट होता. आणि ते जॅकेट माझ्या खांद्यांत बसेल तरी का?" तेही खरंच होतं. वोंडा बुटकी आहे, पण खांदे ट्रॅक्टरचे.

मग तिने कागद उलटला आणि तिचा आवाज बदलला. "अगं, ही तर आपली रेघ."

माझा चमचा तिथेच थांबला.

तुम्ही आयोवात वाढला नसाल तर सांगते. आमच्या वेळी मुलींचा बास्केटबॉल सहा जणींचा असे. मैदानाच्या मधोमध रेघ. एकीकडे तीन फॉरवर्ड, त्यांनी फक्त गुण करायचे. दुसरीकडे तीन गार्ड, त्यांनी फक्त अडवायचं. रेघ ओलांडायची नाही, काही झालं तरी. कागदावर तीन फुल्या होत्या आणि त्यांना चिकटून तीन गोल. तो गुप्त डाव नव्हताच. हाताला सवय लागलेली कुणीतरी बाई विचारांच्या नादात आपलं जुनं मैदान काढत बसली होती. कोचना कळलं नाही, साहेबांना कळलं नाही, आणि मी स्वतः खेळून विसरले होते. लाज वाटली.

"वोंडा, तू मैदान काढ बरं. पटकन."

तिने बिलाच्या पाठीवर काढलं. बास्केट मोठं, तीन फॉरवर्ड बास्केटखाली, बाण, टाळ्या वाजवणारे लोकही. रेघेपलीकडचा अर्धा भाग कोरा.

"तुझ्या गार्ड कुठायत?"

"असतील तिकडे कुठेतरी," वोंडा म्हणाली.

दोन्ही कागद मी शेजारी ठेवले. दोन्हीकडे अर्धं मैदान भरलेलं, अर्धं कोरं. पण वोंडाने गुण करायची बाजू भरली होती. चिठ्ठीवाल्या बाईने त्या ठिपक्याएवढ्या बास्केटपासून दूरची, स्वतःचं बास्केट राखायची, अडवायची बाजू. गुण कोण करणार, किती करणार, याचं तिला काही नव्हतं. तिच्या लेखी सामना एवढाच: समोरचीला पन्नासच्या आत ठेवणं.

बुधवारी बाकावर तिघं होते. एक वेंडेल. एक फॉरवर्ड. आणि उरली एक बाई, चौऱ्याहत्तर वर्षांची, जिने जन्मात कधी पैज लावली नव्हती.

आता मला कळलं ब्रिन का गप्प होती.

५

आर्डिस कोल्ब यांनी मला बीजगणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागल्या. पण त्यांची खरी जागा जिममधल्या टेबलापाशी. गेली एकतीस वर्षं आमच्या प्रत्येक सामन्याची गुणांची वही त्यांनी लिहिली. वही लिहिणारं माणूस कॉलेजचं, त्याला पैजेचा नियम खेळाडूइतकाच लागू. चिठ्ठी त्यांची निघाली तर ती खुर्ची जाणार.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता त्या चर्चमध्ये रविवारची गाणी घोटत होत्या. पाय पेडलला जेमतेम पोचत होते. दाराशी बर्फाचं फावडं होतं, आणि त्याशेजारी लहान बूट.

"कोल्बबाई, तुम्ही शाळेत असताना गार्ड होतात ना?"

त्यांनी स्वर संपवला, मग मान वळवली. "होते नाही, नोला. आहे."

मी झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली. त्या बघत राहिल्या. मग पर्समधून पेपरमिंटची गोळी काढली, मला दिली, एक स्वतः घेतली.

"मला वाटलं ही बाकाखाली पडली आणि वेंडेलच्या झाडूत गेली. बुधवारी त्या पोरीचे पाय बघत होते. उडी मारत नाही ती. बाकीच्या हात हलवतात, ही पाय हलवते. पन्नास वर्षांत असे पाय पाहिले नव्हते. हाताला राहवेना, लिहून टाकलं. दोरीवर लावणार नव्हतेच, तेवढा नियम मला कळतो." त्यांनी गोळी गालात सरकवली. "१९५२ साली राज्याच्या स्पर्धेत मी एकीला अकरावर रोखलं होतं. तिची सरासरी होती पन्नास. दुसऱ्या दिवशी पेपरात आमच्या फॉरवर्डचे गुण आले. फोटो आला. फोटोत माझं कोपर आलं होतं."

मी गोळी तोंडात टाकली.

"पण ही तुझ्याकडे कशी?"

"ब्रिनच्या खिशात सापडली. साहेब तिला उद्या बाहेर बसवणार आहेत. ती तुमचं नाव सांगत नाही."

त्या इतक्या पटकन उठल्या की ऑर्गनचा एक सूर दाबला गेला आणि चर्चभर वाजत राहिला.

"माझ्यासाठी ती अडवते आहे?" त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी?" आणि कोटाची बटणं चुकीच्या काजांत घालत बाहेर पडल्या.

साहेबांनी त्यांचं म्हणणं ऐकलं. मूळ चिठ्ठी तिजोरीतून काढली, आणि तेव्हा मला दिसलं: फुल्या लाल, गोल निळे. झेरॉक्समध्ये ते सगळं काळं झालं होतं. कोल्बबाईंच्या कानामागे दुतोंडी पेन्सिल होतीच, वहीत सामन्याचा पहिला अर्धा भाग निळ्या टोकाने आणि दुसरा लाल टोकाने लिहायची ती.

"ब्रिन खेळेल," साहेब म्हणाले. मग घसा साफ केला. "आणि बाई, चिठ्ठी दोरीवर लागलेली नाही. गावच्या रीतीप्रमाणे ही पैज झालीच नाही. मी फाडून टाकतो, तुम्ही उद्या तुमच्या खुर्चीवर बसा. मला काही दिसलं नाही."

शिकागोचा माणूस, पण मला त्या क्षणी तो आमच्यातला वाटला.

कोल्बबाईंनी हात पुढे केला. "फाडू नका. द्या ती इकडे."

चिठ्ठी घेतली, आणि कानामागची पेन्सिल काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

"एकतीस वर्षं मी लोकांनी केलेले गुण लिहिले, स्टोल्ट्झ. उद्याचा सामना मी नुसता बघणार आहे. वही नोला लिहील, तिला बीजगणित येत नाही पण बेरीज येते."

साडेचार वाजता भरल्या डायनरमध्ये त्यांनी टाचा उंचावून ती चिठ्ठी दोरीला लावली आणि खाली नाव घातलं, पूर्ण. मग वोंडाने गल्ल्यामागून हात पुसले, एक कागद घेतला आणि तिच्याखाली लावला: एक वर्ष, दर शनिवारी एक फळांची पाई, आवडेल ती.

"वोंडा, तू वेस्टबोर्नच्या बाजूने?" न्हावी म्हणाला.

"मी फॉरवर्डच्या बाजूने," वोंडा म्हणाली. "आणि माझं अंगण मोठं आहे, आर्डिस. फावड्याला तेल लावून ठेवा."

६

शनिवारी दोन वाजता मी त्या खुर्चीवर बसले. पांढरे कपडे लखलखत होते, ते सांगायलाच नको. वही उघडली आणि पहिल्यांदा नीट पाहिली. प्रत्येक पानावर नावं, गुण, चुका, सगळ्यांना रकाने. आणि समासात, रकान्यांच्या बाहेर, काही नावांपुढे बारीक बारीक उभ्या रेघा. एकतीस वर्षांच्या. ब्रिनच्या नावापुढे तर मुंग्यांची रांग.

कशाच्या होत्या त्या, हे मला दहा मिनिटांत कळलं. लेटनने चेंडू उचलला, ब्रिनने पाय सरकवले, लेटनला टाकता आला नाही. वहीत त्याला रकाना नव्हता. मी समासात रेघ काढली.

त्या दिवशी मी खूप रेघा काढल्या.

अर्ध्यावर आम्ही दोनने मागे होतो, तेवीस पंचवीस. लोक नेहमी अर्ध्यात कॉफीला जातात. कोणी उठलं नाही. समोर तिसऱ्या बाकावर कोल्बबाई ब्रिनचं जॅकेट घालून बसल्या होत्या, बाह्या दोनदा दुमडून. शेजारी वोंडा. दोघी एकमेकींकडे न बघता एकाच पुडीतल्या मक्याच्या लाह्या खात होत्या.

नऊ सेकंद उरले तेव्हा फळ्यावर टॉलिव्हर एकोणपन्नास, वेस्टबोर्न अठ्ठेचाळीस. चेंडू त्यांचा. एक बास्केट पडलं की त्यांचे पन्नास होणार, आमचा सामना जाणार आणि कोल्बबाईंचा हिवाळा वोंडाच्या अंगणात.

चेंडू लेटनकडे आला. येणारच होता. ती डावीकडे झुकली, ब्रिन हलली नाही. ती उजवीकडे वळली, ब्रिन आधीच तिथे होती. लेटन उडाली. ब्रिन उडाली नाही. पाय जमिनीवर रोवून ती फक्त उंच झाली, बोटांच्या टोकापर्यंत, आणि चेंडू त्या टोकांना लागून सरळ खाली आला, दमलेल्या पाखरासारखा. भोंगा वाजला.

पुढचं मी नीट सांगू शकत नाही, कारण मला वहीत डोकं घालावं लागलं. वहीवर पाणी पडू द्यायचं नसतं.

मान वर केली तेव्हा कोल्बबाई टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांच्यामागे ब्रिन, घामाने निथळत, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर. वोंडा कुरकुरत होती की आपणही पन्नास गाठले नाहीत, हा काय सामना झाला, आणि आर्डिस, तुम्हाला चेरीची चालेल की सफरचंदाची.

"दोन्ही," कोल्बबाई म्हणाल्या. "वर्ष मोठं असतं." त्यांनी वही स्वतःकडे फिरवली, बोटाने रकाने मोजत खाली आल्या. "अठ्ठेचाळीस. लेटनचे नऊ. बेरीज बरोबर." मग बोट समासात गेलं आणि शेवटच्या रेघेवर थांबलं.

"ही फार लांब काढली आहेस, नोला."

"हो," मी म्हणाले. "खोडू का?"

त्यांनी ब्रिनकडे पाहिलं, मग वहीकडे. माझ्या हातातली पेन्सिल घेतली, लाल टोक खाली केलं, आणि तीच रेघ त्यांनी गिरवली, एकदा, दोनदा, चांगली जाड होईपर्यंत.